एकशे पासष्ट मैल, एक तास दोन मिनिटं

सावनीला अलास्कात नोकरी लागली त्या दिवशी देवदत्त प्रधानांनी पहिलं काम केलं ते म्हणजे कॉम्प्युटर उघडून अंतर काढलं. कॉटझब्यू ते स्टोनी पॉइंट, सरळ रेषेत एकशे पासष्ट मैल. एका इंजिनाच्या लहान विमानाला एक तास दोन मिनिटं. मधे गाव नाही, रस्ता नाही. एका बाजूला समुद्र, तोही वर्षातले सात महिने गोठलेला.

"आपल्या शुगर लँडहून ऑस्टिन एवढंच आहे," टेक्सासमधल्या घरी ते बायकोला, कांचनला, म्हणाले होते. "त्यासाठी एवढं लांब जायचं?"

देवदत्त चाळीस वर्षं पाइपलाइनच्या धंद्यात होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट मैल आणि तासांत बसवली की त्यांना ती समजल्यासारखी वाटे. मुलगी मात्र त्यांना कधी समजली नाही. पेट्रोलियम इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून ती विमान शिकायला गेली. बरं, विमान तरी मोठ्या कंपनीचं, कडक टोपीचं असावं! तर तेही नाही. बर्फातल्या गावांना टपाल, डायपर, सोड्याचे खोके आणि कुत्र्यांचं खाणं पोचवायचं. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "सावनी कुठल्या एअरलाइनला?" की देवदत्त हसून म्हणत, "आकाशात रिक्षा चालवते." लोक हसत. एकदा सावनी शेजारीच उभी होती. तीही हसली, पण प्रसादाची वाटी तशीच ठेवून बाहेर गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, ती कॉटझब्यूहून दहा चाळीसला निघाली आणि स्टोनी पॉइंटला पोचली नाही. विमानात ती एकटीच होती, बाकी सामान. पोचायला वीस मिनिटं उरली असताना तिनं रेडिओवर स्टोनी पॉइंटची धावपट्टी बघणाऱ्या बाईला तसं कळवलं. त्यानंतर काही नाही. नऊ दिवस शोध चालला. ना चाक सापडलं ना काच. समुद्रावर नवा बर्फ धरत होता. त्यानं जे घेतलं ते झाकून टाकलं.

चौकशीचा अहवाल त्रेपन्न पानांचा होता. निघताना हवा नियमात बसत होती, वैमानिकाचा निर्णय चूक म्हणता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. देवदत्तांनी तो इतक्या वेळा वाचला की कडा मऊ पडल्या. शेवटच्या जोडपत्रात एक ओळ होती. 'स्टोनी पॉइंट येथील धावपट्टीचे दिवे ११:४२ वाजता लागले. विमान दिसले नाही.' दहा चाळीस अधिक एक तास दोन मिनिटं. ती ओळ आली की त्यांचं बोट थांबायचं.

पण त्यांना पोखरत होतं ते अहवालात नव्हतंच.

त्या मंगळवारी सव्वा वाजता, म्हणजे तिकडे सकाळी सव्वादहाला, सावनीचा त्यांना फोन आला होता. कांचन हॉस्पिटलात होती. निवृत्त होऊनही आठवड्यातून दोन दिवस ती भूल द्यायला जायची. देवदत्त एकटेच वरणभात जेवत होते.

"बाबा, इकडे खूप फॉग आहे," सावनी म्हणाली. "काल पण कॅन्सल केलं. आज पण बहुतेक नाही जाणार. असाच फोन केला."

असाच फोन ती कधी करत नसे. त्याच वेळी हे कळायला हवं होतं. पण देवदत्तांच्या तोंडून निघालं, "म्हणजे आज पण बसून? याच्यासाठी डिग्री सोडलीस? अगं, रिक्षावालेसुद्धा पाऊस आहे म्हणून भाडं नाकारत नाहीत."

पलीकडे क्षणभर शांतता. मागे कोणीतरी खोके ओढत असल्याचा आवाज.

"ओके बाबा," ती म्हणाली. "आय विल गो."

फोन बंद झाला. देवदत्तांनी भात संपवला, वर ताक घेतलं.

ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्या काळात कांचन वेड्यासारखी विचारत होती, "शेवटचं कोणाशी बोलली असेल रे ती?" आणि ते म्हणाले होते, "स्टोनी पॉइंटच्या त्या बाईशी. रेडिओवर." तेही खोटं नव्हतंच. दोन वर्षं ते त्याच वाक्याच्या आडोशाला राहत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी घरच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. इंग्रजी संथ, प्रत्येक शब्दामागे थोडी वाट बघणारं.

"मी मार्था. स्टोनी पॉइंटची धावपट्टी मी बघते. तुमची मुलगी माझ्या शेडमध्ये डबा खायची. तुम्हाला येता येईल का?"

"तिचं काही सापडलं का?" देवदत्तांनी विचारलं.

"नाही. सापडलेलं नाही. दिव्यांबद्दल आहे. फोनवर सांगितलं तर तुम्ही येणार नाही."

कांचनला त्यांनी सांगितलं की अलास्कात, अँकरेजला कंपनीच्या कागदांवर सह्या करायच्या आहेत.

"मी येऊ?" तिनं विचारलं.

"दोन सह्यांचं काम. थंडी सोसायची नाही तुला."

कांचननं त्यांच्या बॅगेत लोकरीचे मोजे ठेवले, आणि तिळाचे लाडू.

कॉटझब्यूला छोट्या विमानात बसण्याआधी माणसाचंही वजन करतात. देवदत्त काट्यावर उभे राहिले तेव्हा पायलट वहीत आकडा लिहिता लिहिता थांबला. वेस्ली त्याचं नाव. सावनीबरोबर तो तीन वर्षं उडाला होता.

"तुम्ही सॅव्हीचे वडील ना?" तो म्हणाला. "माझ्या बाजूला बसा."

दहा चाळीसला ते निघाले. देवदत्तांनी घड्याळ हातावरून काढून मुठीत धरलं. खाली पांढरं, वर करडं, आणि दोन्हींच्या मधली रेघ कुठेच नाही. सूर्य ढगांमागून नुसता उजेड पाठवत होता. वेस्ली सुरुवातीला बोलत होता. वाऱ्याचं, इंधनाचं, सावनी रेडिओवर मराठी गाणं गुणगुणायची त्याचं. बेचाळीसाव्या मिनिटाला तो गप्प झाला. देवदत्तांनी खाली पाहिलं. बर्फात काळ्या भेगा होत्या, आणि त्यांतून वाफ येत होती, जशी माणसाच्या तोंडातून येते.

"इथे आम्ही कोणी बोलत नाही," बऱ्याच वेळानं वेस्ली म्हणाला. "कोणी ठरवलं नाही. तसं झालंय."

अकरा बेचाळीसला चाकं खडीवर टेकली.

स्टोनी पॉइंट म्हणजे समुद्रात घुसलेली खडीची जीभ, तिच्यावर साठेक घरं. धावपट्टीच्या कडेला मार्थाची पत्र्याची शेड. आत तेलाची शेगडी, दोन खुर्च्या, भिंतीवर रेडिओ. मार्था सत्तरीची, बुटकी, रुंद चेहऱ्याची. तिनं देवदत्तांना कॉफी दिली आणि थेट विषयाला हात घातला.

"हे दिवे इथून लावायचे नसतात. पायलट जवळ आला की माइकचं बटण पाच वेळा दाबतो, टक टक टक टक टक, आणि दिवे लागतात. पंधरा मिनिटांनी आपोआप विझतात. मधे ते कोणालाच विझवता येत नाहीत, मलाही नाही."

"माहीत आहे मला."

"तुमची मुलगी गेली तेव्हापासून, धुकं असलं आणि दहा चाळीसचं विमान कॅन्सल झालं, की अकरा बेचाळीसला दिवे लागतात. आकाशात कोणी नसतं."

देवदत्तांमधला इंजिनिअर लगेच उभा राहिला. "रिसीव्हर खराब असेल. ओलावा. दुसऱ्या कुठल्या तरी फ्रिक्वेन्सीचा..."

"सरकारी माणसं दोनदा येऊन रिसीव्हर बदलून गेली," मार्था शांतपणे म्हणाली. "हवा चांगली असते तेव्हा नाही लागत. फक्त कॅन्सल असतं तेव्हा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा, रिसीव्हरला कसं कळतं?"

देवदत्त खिडकीतून धावपट्टीकडे बघत राहिले.

"पहिल्यांदा लागले तेव्हा मी रेडिओवर म्हटलं, ये, पट्टी मोकळी आहे. दोन हिवाळे दर वेळी म्हणतेय. ती येत नाही. येऊ शकत नाही. आणि परतही जात नाही." मार्थानं कप खाली ठेवला. "आमच्यात असं काही म्हणतात असं नाही. मला आपलं वाटतं. ती हट्टानं निघाली होती का? कोणी तिला जा म्हणालं होतं का? मी वेस्लीला विचारलं. तो म्हणाला, सकाळी ती थांबणार होती. मग कोणाला तरी फोन केला आणि जॅकेट चढवलं."

शेगडी फुरफुरत होती. देवदत्तांनी हातातल्या कपाकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, तो फोन सगळाच्या सगळा सांगितला. रिक्षाचं वाक्य इंग्रजीत सांगताना त्याला काही अर्थच राहिला नाही, तेव्हा ते पुन्हा मराठीत म्हणाले, स्वतःलाच ऐकवल्यासारखं. मार्थानं ना मान हलवली ना खांद्यावर हात ठेवला.

"मग तिला दुसरं कोणी काय सांगणार," एवढंच म्हणाली. "धुकं येईपर्यंत थांबा."

तिच्या नातेवाइकांकडे त्यांची राहायची सोय झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेरचं शेजारचं घरही दिसेना. साडेदहाला कॉटझब्यूहून निरोप आला, फ्लाइट कॅन्सल. मार्था त्यांना हाताला धरून शेडपर्यंत घेऊन गेली. गावातल्या एकाही घरातून कोणी बाहेर डोकावलं नाही. कुत्रीसुद्धा भुंकेनात.

अकरा पस्तीस. अकरा चाळीस. देवदत्तांना एकीकडे वाटत होतं, काही होऊ नये. मग ते इंजिनिअर म्हणून घरी जातील, एका भोळ्या बाईनं बोलावलं होतं म्हणतील. आणि दुसरीकडे त्यांची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

अकरा बेचाळीसला रेडिओत पाच टिचक्या वाजल्या.

बाहेर धुक्यात हिरवे दिवे उजळले, मग पांढरे, दोन्ही कडांनी, थेट धावपट्टीच्या टोकापर्यंत आणि टोकापलीकडे धुकं संपेल तिथपर्यंत. इंजिनाचा आवाज नव्हता. वारा नव्हता. पण रेडिओ जिवंत होता. कोणीतरी बटण दाबून धरलंय आणि बोलत नाहीये, अशी एक पोकळ सळसळ त्यातून येत होती. त्या शांततेला वजन होतं. देवदत्तांनी ती ओळखली. फोनवर ऐकली होती ती, क्षणभर.

मार्थानं माइक त्यांच्या हातात दिला.

"सावनी," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "सावनी, बाबा बोलतोय."

सळसळ थांबली. तिनं बटण सोडलं होतं. ती ऐकत होती.

"फॉग आहे गं खूप. आज नको येऊस. मी त्या दिवशी जे बोललो ते... मी मूर्ख माणूस आहे. तू फोन केलास तेव्हा तुला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की नको जाऊस. मला कळलं नाही. आता सांगतोय. टपाल उद्या जाईल. कोणी काही म्हणणार नाही. तू फिर मागे, बाळा. परत जा. हळू जा."

ते बोलत राहिले असते, पण शब्द संपले. मार्था खिडकीशी उभी होती. रेडिओत दोन टिचक्या वाजल्या. टक, टक. पायलट लोक बोलायचं नसलं की तसं करतात. म्हणजे ऐकलं, समजलं.

आणि दिवे विझले. टोकाकडून शेडकडे, एकामागून एक.

मार्थानं घड्याळ बघितलं. "चार मिनिटं," ती हळूच म्हणाली. "पंधरा नाही झाली."

देवदत्त खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

शुगर लँडला परतले तेव्हा नोव्हेंबर असूनही गाडीचा एसी लावावा लागत होता. चौथ्या दिवशी, सकाळच्या चहाला, त्यांनी कांचनला सगळं सांगितलं. फोन, वरणभात, रिक्षा, दिवे, दोन टिचक्या. कांचन डॉक्टर रोग्याचं ऐकतो तशी ऐकत होती. मग तिनं चहाचा कप सिंकमध्ये उपडा केला.

"दोन वर्षं मी तुला विचारत होते," ती म्हणाली.

"कांचन, माझी हिंमत..."

"गप्प बस."

त्या दिवसापासून ती सावनीच्या खोलीत झोपू लागली. स्वयंपाक दोघांचा करायची, त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि स्वतःचं खोलीत न्यायची. घरात दोन माणसांच्या जागी दोन बंद दारं झाली.

जानेवारीत मार्थाचा फोन आला. सात फ्लाइट कॅन्सल झाल्या होत्या. सातही दिवस ती शेडमध्ये बसली होती. दिवे लागले नाहीत.

देवदत्तांना वाटलं, ही एक तरी बरी बातमी आहे. त्यांनी सावनीच्या दारावर टकटक करून बाहेरूनच सांगितलं, "ती गेली, कांचन. सुटली. आता दिवे लागत नाहीत."

दार उघडलं. कांचनचे केस मोकळे होते, आणि चेहऱ्यावर जे होतं ते देवदत्तांनी पंचेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कोणाला विचारून?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन वर्षं माझी मुलगी तिथे होती. मला माहीतही नव्हतं. तू मला खोटं सांगून गेलास, सह्या करायला! तुला बोलायचं होतं ते बोललास, तुझं मन हलकं केलंस आणि तिला पाठवून दिलंस. मला नाही बोलायचं होतं तिच्याशी? मी आई नाही तिची?"

देवदत्त उघड्या दारात उभे राहिले. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मुलीला एकदा त्यांनी जायला लावलं होतं, आणि आता पुन्हा एकदा. दोन्ही वेळा कांचन तिथे नव्हती.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "तिकीट काढ. दोन." दारातल्या त्या बोलण्यानंतर ती त्यांच्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं.

कॉटझब्यूला वेस्लीनं कांचनला पुढच्या सीटवर बसवलं, देवदत्त मागे खोक्यांमध्ये. निघाल्यापासून पोचेपर्यंत ती सरळ समोर बघत होती. बेचाळीसाव्या मिनिटाला वेस्ली गप्प झाला नाही. तो विसरला होता की आता तसं वाटत नव्हतं, कोण जाणे. कांचननं मात्र हात उंचावून त्याला थांबवलं आणि खाली पाहिलं. काळ्या भेगा मिटल्या होत्या. नुसताच बर्फ.

पाच दिवस धुकं होतं, पाच दिवस फ्लाइट कॅन्सल. पाचही दिवस अकरा वाजता कांचन मार्थाबरोबर शेडमध्ये जाऊन बसली, देवदत्त दाराशी उभे. अकरा बेचाळीस झाले, गेले. दिवे लागले नाहीत. रेडिओत नुसता रेडिओ होता.

पाचव्या दिवशी बारा वाजत आले तेव्हा ती उठली. "मला माइक दे," मार्थाला म्हणाली, आणि देवदत्तांकडे न बघता, "तू बाहेर जा."

ते बाहेर जाऊन उभे राहिले. मार्थाही त्यांच्यामागून आली आणि तिनं दार लोटून घेतलं. काचेतून कांचन दिसत होती. तिनं माइक दोन्ही हातांत धरला होता, फोन धरावा तसा, आणि ती बोलत होती. एकदा हसलीसुद्धा. मधेच थांबायची, मान थोडी तिरकी करायची, पुन्हा बोलायची. काच जाड होती. एक शब्दही बाहेर आला नाही.

देवदत्तांच्या पापण्यांवर दहिवर गोठलं. समोर धावपट्टी होती की नव्हती, धुक्यात कळत नव्हतं.

"कोणी उत्तर देतंय का?" त्यांनी विचारलं.

"मला आतलं ऐकू येत नाही," मार्था म्हणाली.

पाऊण तासानं कांचन बाहेर आली. स्कार्फ नीट केला, मार्थाला मिठी मारली, आणि घराकडे चालू लागली. देवदत्त दोन पावलं मागे राहून तिच्या बुटांच्या ठशांवर पाय टाकत गेले. काय बोललीस, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायचा हक्क नव्हता, आणि ती कधी सांगणार नाही हेही त्यांना चालता चालता कळलं.

दुसऱ्या दिवशी हवा उघडली. त्या दोघांना घ्यायला विमान आलं तेव्हा कांचन म्हणाली, "खिडकीपाशी तू बस. मला आता बघायचं नाहीये."